२०२७ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक : अंदाज कोणाचा, आणि कशाच्या जोरावर?

ताम्हण

राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांची मुदत २४ जुलै २०२७ रोजी संपेल, आणि त्यापूर्वी पुढच्या राष्ट्रपतींची निवडणूक पूर्ण झालेली असणे घटनेने बंधनकारक केले आहे. हा दिवस जवळ येऊ लागला, की रविवारच्या पुरवण्यांतून नावांचे पतंग उडू लागतात, आणि निकाल लागल्यावर त्या पतंगांचे पुढे काय झाले हे कोणी विचारत नाही. मी मात्र विचारतो, कारण कापल्या गेलेल्या पतंगांत माझेही असतात.

एका बँकेने भेट दिलेली १९९९ सालची रोजनिशी माझ्याकडे आहे. तिच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर २००२ पासून प्रत्येक राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीआधी मी माझा अंदाज शाईने लिहितो आणि उमेदवार जाहीर झाला, की चुकलेल्या नावावर लाल रेघ ओढतो. २००२ च्या पानावर पी. सी. अलेक्झांडर आहेत, जे तेव्हा आपले राज्यपाल होते, त्यांच्यावर रेघ. २००७ च्या पानावर शिवराज पाटील, रेघ. २०१२ च्या पानावर प्रणव मुखर्जी, आणि एवढे एकच पान स्वच्छ राहिले आहे. २०१७ च्या पानावर सुमित्रा महाजन ठळक अक्षरात, त्याखाली लालकृष्ण अडवाणी, आणि कोपऱ्यात प्रश्नचिन्हासह द्रौपदी मुर्मू अशी नावे आहेत. १९ जून २०१७ रोजी रामनाथ कोविंद यांचे नाव जाहीर झाले आणि मी तिन्ही नावांवर रेघा ओढून मोकळा झालो. २०२२ साली मी आरिफ मोहम्मद खान यांचे नाव लिहिले. मुर्मू यांचे नाव पुन्हा लिहावे असे मला सुचलेही नाही, कारण माझ्या लेखी ते नाव खोडले गेलेले होते.

म्हणून या वेळी नावाआधी निकष लिहायचा असे मी ठरवले आहे. २०२७ साठी तुम्हाला कोणाचे नाव संभवते आणि का, हे कृपया सांगावे. नुसते नाव टाकून कोणी जाऊ नये, एवढीच विनंती.

बेरीजवजाबाकी

ताम्हणसाहेब, पतंग उडवण्याआधी दोरी किती आहे ते मोजून घेऊ.

२०२२ च्या निर्वाचकगणात, म्हणजे राष्ट्रपती निवडणाऱ्या मतदारांच्या गटात, ७७६ खासदार आणि ४,०३३ आमदार असे ४,८०९ मतदार होते आणि त्यांच्या मतांचे एकूण मूल्य १०,८६,४३१ होते. खासदाराच्या मताचे मूल्य ७००, उत्तर प्रदेशाच्या आमदाराचे २०८, महाराष्ट्राच्या आमदाराचे १७५ आणि सिक्कीमच्या आमदाराचे ७. म्हणजे आपले चार आमदार मिळून बरोबर एक खासदार होतो. सिक्कीमचे शंभर आमदार मिळूनही होतो, फक्त तिथल्या विधानसभेत मुळात बत्तीसच आमदार आहेत. राष्ट्रपतिनियुक्त खासदारांना आणि विधान परिषदेच्या सदस्यांना या निवडणुकीत मत नसते, हेही अनेकांच्या लक्षात राहत नाही.

आता खरा मुद्दा. महाराष्ट्राच्या २८८ आमदारांचे एकत्रित मूल्य ५०,४०० आहे, तर उत्तर प्रदेशाच्या ४०३ आमदारांचे ८३,८२४. उत्तर प्रदेशासह पंजाब, उत्तराखंड, मणिपूर आणि गोवा या राज्यांच्या विधानसभांच्या निवडणुका २०२७ च्या पूर्वार्धात, म्हणजे राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीच्या तोंडावर येतात. उत्तर प्रदेशात शंभर जागा इकडच्या तिकडे झाल्या, तर २०,८०० मतमूल्य सरकते, म्हणजे जवळजवळ तीस खासदारांइतके. भाजपकडे लोकसभेत २०१९ साली ३०३ खासदार होते, २०२४ साली २४० निवडून आले; ही घट ६३ गुणिले ७०० म्हणजे ४४,१०० ची आहे. महाराष्ट्रात त्या पक्षाचे आमदार १०५ वरून १३२ झाले, त्याने यातली ४,७२५ ची भर निघाली.

त्यामुळे माझा निकष असा, की उत्तर प्रदेशाचा निकाल लागण्यापूर्वी नाव सांगणारा माणूस अंदाजपंचे दाहोदरसे बोलतो आहे असे समजावे. सत्ताधारी आघाडीला हिशेब सोपा गेला, तर ती आपल्या मनाजोगे नाव देईल. अवघड गेला, तर बाहेरची मते ओढून आणणारे नाव शोधेल.

भीमथडी

गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेल्यांची नुसती यादी करायची म्हटली, तरी या धाग्याला दुसरे पान लागेल. या पदाची गंमत मात्र अशी आहे, की बाशिंग बांधलेला माणूस मांडवात आधी दिसला, की वधूपक्ष दुसऱ्याच गावी स्थळ पाहायला निघतो.

कोकणकडा

ताम्हण यांनी २०१७ साली ठळक अक्षरात लिहिलेले नाव मला आजही पटते. सुमित्राताई महाजन यांचा जन्म चिपळूणचा, इंदूरमधून आठ वेळा लोकसभेवर निवड आणि २०१४ ते २०१९ लोकसभेचे अध्यक्षपद, इतकी तयारी असलेला दुसरा मराठी माणूस मला दिसत नाही. आजवर या पदावर महाराष्ट्रातून एकट्या प्रतिभाताई पाटील बसल्या आहेत. आता पुन्हा मराठी व्यक्ती व्हावी, असे वाटण्यात गैर काय?

मृण्मयी

@कोकणकडा, गैर काहीच नाही, पण सुमित्राताईंचा जन्म १९४३ चा आहे. २०२७ मध्ये त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या असतील. सध्याच्या सत्ताधारी पक्षाने वयाबाबत जो पायंडा पाडला आहे, तो पाहता हे नाव आता केवळ आदराने घ्यायचे राहिले आहे.

शिवाय मराठीपणाच्या जोरावर मते मिळतात हे गृहीतक अर्धेच खरे आहे. २००७ साली भाजपच्या राष्ट्रीय लोकशाही आघाडीत (रालोआत) असूनही शिवसेनेने प्रतिभाताईंना मते दिली, हे खरे. परंतु १९६९ साली चिंतामणराव देशमुख उमेदवार होते, ज्यांनी मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. त्यांच्यासाठी महाराष्ट्राने काय केले? ते स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाचे उमेदवार होते, आणि महाराष्ट्रातले काँग्रेसजन गिरी आणि रेड्डी या दोन उमेदवारांपैकी कोणाच्या बाजूला उभे राहावे या विवंचनेत होते. देशमुखांना १,१२,७६९ मतमूल्य मिळाले आणि ते तिसरे आले.

बेरीजवजाबाकी

मृण्मयी यांनी १९६९ चा विषय काढलाच आहे, तर त्यातला हिशेबही सांगून टाकतो, कारण तो थेट या धाग्याच्या कामाचा आहे. या निवडणुकीत मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतो. पहिल्या पसंतीत व्ही. व्ही. गिरी यांना ४,०१,५१५ आणि नीलम संजीव रेड्डी यांना ३,१३,५४८ मते होती, आणि कोटा, म्हणजे निवडून येण्यास लागणारी किमान मते, ४,१८,१६९ चा होता. म्हणजे पहिल्या मोजणीत कोणीच निवडून आले नाही. मग तळाचे उमेदवार एकेक करून बाद होत गेले आणि त्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली गेली. शेवटी देशमुखांच्या मतपत्रिका उघडल्या आणि त्यांतल्या बहुतेक रेड्डींकडे गेल्या. तरीही गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे निसटत्या फरकाने निवडून आले. आजवर दुसऱ्या पसंतीपर्यंत गेलेली राष्ट्रपतिपदाची ही एकमेव निवडणूक आहे. म्हणजे पडलेला मराठी उमेदवार निकाल फिरवण्यापासून हातभर अंतरावर होता.

वैनगंगा

त्याच १९६९ साली गिरींनी उमेदवारीसाठी उपराष्ट्रपतिपदाचा राजीनामा दिल्यावर हंगामी राष्ट्रपती म्हणून काम पाहिले ते सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला यांनी, आणि त्यांची वकिली व न्यायाधीशपदाची सुरुवात आमच्या नागपूरची. तेव्हा मराठी मुलखाचा राष्ट्रपती भवनाशी संबंध प्रतिभाताईंच्या आधीच, महिनाभरापुरता का होईना, आलेला आहे, याची नोंद असावी.

ताम्हण

नोंद घेतली. मात्र विदर्भ विरुद्ध कोकण असा सामना इथे सुरू होऊ नये. त्यासाठी वेगळा धागा आहे आणि तो गेली काही वर्षे बंद पडलेला नाही.

सई_वाचते

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. विद्यमान राज्यपाल किंवा उपराष्ट्रपती यांना उमेदवारीसाठी आधी राजीनामा द्यावा लागतो का? आणि दुसरे म्हणजे, डॉ. कलाम यांच्यासारखा राजकारणाबाहेरचा माणूस पुन्हा का होत नाही? ताम्हणकाकांच्या रोजनिशीत एकही शास्त्रज्ञ, शिक्षक किंवा लेखक नाही, याचे मला आश्चर्य वाटले.

दक्षिणायन

सईताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. घटनेच्या अनुच्छेद ५८ नुसार उमेदवार भारताचा नागरिक असावा, त्याने वयाची पस्तीस वर्षे पूर्ण केलेली असावीत, तो लोकसभेवर निवडून येण्यास पात्र असावा आणि त्याने सरकारी लाभाचे पद धारण केलेले नसावे. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, राज्यपाल आणि मंत्री ही पदे मात्र यासाठी लाभाची पदे मानायची नाहीत, असे तिथेच स्पष्टीकरण दिले आहे. त्यामुळे कायद्याने राजीनामा आवश्यक नाही. प्रत्यक्षात २००७ साली प्रतिभाताईंनी राजस्थानचे आणि २०१७ साली कोविंद यांनी बिहारचे राज्यपालपद उमेदवारी जाहीर होताच सोडले, तो औचित्याचा भाग झाला.

आता माझा अंदाज. मी सध्याचे उपराष्ट्रपती सी. पी. राधाकृष्णन यांचे नाव घेईन. ते तिरुप्पूरचे, कोइम्बतूरमधून दोनदा लोकसभेवर गेलेले, पुढे झारखंडचे आणि नंतर आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल झालेले. सप्टेंबर २०२५ मध्ये ते ४५२ विरुद्ध ३०० मतांनी उपराष्ट्रपती झाले. मुर्मू यासुद्धा झारखंडच्या राज्यपाल होत्या, हा योगायोग मी पुरावा म्हणून देत नाही, पण कानावर घालून ठेवतो. दक्षिणेतला राष्ट्रपती देशाने २००७ नंतर पाहिलेला नाही, हा माझा मुख्य आधार.

मृण्मयी

उपराष्ट्रपती हा राष्ट्रपतिपदाचा पुढचा हक्कदार असतो, ही समजूत आता जुनी झाली. १९९७ पर्यंतच्या नऊ उपराष्ट्रपतींपैकी सहा जण राष्ट्रपती झाले : सर्वपल्ली राधाकृष्णन, झाकीर हुसेन, गिरी, व्यंकटरमण, शंकरदयाळ शर्मा आणि नारायणन. त्यानंतरच्या पाचांपैकी एकही नाही. कृष्णकांत यांना डावलले गेले, भैरोसिंह शेखावत लढले आणि प्रतिभाताईंकडून हरले, हमीद अन्सारी यांची चर्चा चर्चेतच राहिली, व्यंकय्या नायडू यांच्याबाबत तेच झाले आणि जगदीप धनखड यांनी तर मुदत संपण्याआधीच राजीनामा दिला. पूर्वी जी शिडी होती तिचा आता माळा झाला आहे. तिथे चढता येते, पण वर जायला वाट नसते.

दक्षिणायन

माळ्याची उपमा आवडली. परंतु नऊपैकी सहा आणि पाचपैकी शून्य या दोन आकड्यांतून पुढचा आकडा निघत नाही, हे बेरीजवजाबाकी यांनीही मान्य करावे.

बेरीजवजाबाकी

मान्य आहे. इतक्या थोड्या निवडणुकांवरून नियम काढणे म्हणजे चार दिवसांच्या पावसावरून पंचांग छापणे.

पाटीपेन्सिल

सईताईंचा दुसरा प्रश्न सर्वांनी गुंडाळून ठेवलेला दिसतो, म्हणून लिहितो. डॉ. कलाम यांच्याकडे राजकारणाबाहेरचा माणूस म्हणून पाहणे योग्यच आहे, पण त्यांची निवड राजकारणाबाहेर झाली नव्हती. २००२ साली रालोआला अलेक्झांडर यांच्या नावावर एकमत करता आले नाही, तेव्हा असे नाव हवे होते, ज्याला काँग्रेसलाही नाही म्हणता येणार नाही. ते कलामांच्या रूपाने सापडले आणि डाव्या पक्षांनी उभ्या केलेल्या कॅप्टन लक्ष्मी सहगल यांच्या १,०७,३६६ समोर त्यांना ९,२२,८८४ मते पडली. २०१७ साली शिवसेनेने आधी मोहन भागवत आणि मग कृषिशास्त्रज्ञ एम. एस. स्वामीनाथन यांचे नाव सुचवले होते. भागवतांनी आपण त्यात नसल्याचे सांगून टाकले आणि स्वामीनाथन यांचे नाव कोणी उचलले नाही. म्हणजे बाहेरच्या माणसाची आठवण तेव्हाच होते, जेव्हा आतल्या नावावर गाडी अडते.

यावरून माझा निकष असा आहे : ज्या नावाला विरोध करणे समोरच्या गोटातील एखाद्या पक्षाला त्याच्या स्वतःच्या मतदारांपुढे जड जाईल, ते नाव. २००७ ला प्रतिभाताईंमुळे शिवसेना, २०१७ ला कोविंद यांच्यामुळे नितीश कुमार यांचा जनता दल, २०२२ ला मुर्मू यांच्यामुळे झारखंड मुक्ती मोर्चा आणि आपल्याकडे उद्धव ठाकरे, जे महाविकास आघाडीत असूनही मुर्मू यांच्या बाजूने उभे राहिले. चार निवडणुकांपैकी तीन वेळा हीच किल्ली चालली. २०१२ लाही शिवसेनेने रालोआचा प्रतिस्पर्धी उमेदवार पी. ए. संगमा यांना असलेला पाठिंबा बाजूला ठेवून प्रणवदांना मते दिली, पण तिथे कारण मराठीपणाचे नव्हते.

भीमथडी

थोडक्यात, राष्ट्रपतिपदाच्या उमेदवाराची पहिली पात्रता म्हणजे शिवसेनेला अडचणीत टाकता येणे. १९९७ साली ती नारायणन यांच्या विरोधात माजी मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांच्या मागे उभी होती, हे धरून चाललो, तर या बाबतीत त्या पक्षाला अडचणीची गरजही लागत नाही.

दक्षिणायन

पाटीपेन्सिल, किल्ली चांगली आहे, पण ती प्रत्येक कुलपाला लागत नाही. २०२५ च्या उपराष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत भाजपने तमिळ उमेदवार दिला, तरी द्रमुक हलला नाही. विरोधकांनी तेलंगणाचे निवृत्त न्यायमूर्ती बी. सुदर्शन रेड्डी उभे केले, तरी तेलुगू देशम आणि वायएसआर काँग्रेस दोघांनी राधाकृष्णन यांनाच मते दिली. भाषेची आणि प्रांताची हाक दोन्हीकडून घातली गेली, आणि दोन्हीकडून ओ आली नाही.

पाटीपेन्सिल

हा अपवाद मी स्वीकारतो, आणि तो माझ्या निकषाला थोडा तासून देतो. निव्वळ प्रांताने पक्ष हलत नाहीत. आजवर कधीच त्या खुर्चीवर न बसलेला समाज किंवा घटक यांचे नाव आले, की विरोधात मत देणाऱ्याला खुलासा करावा लागतो. पहिली महिला, पहिली आदिवासी व्यक्ती. कोविंद हे दलित समाजातील दुसरे होते, आणि तिथे काँग्रेसने मीरा कुमार यांना उभे करून त्या हाकेची धार बरीच कमी केली. तेव्हा प्रश्न असा विचारायला हवा, की आता कोणता ‘पहिला’ किंवा ‘पहिली’ उरली आहे?

निवृत्त_लेखनिक

आपण सर्व जण पक्षांची बेरीज करत आहात, म्हणून टेबलाच्या दुसऱ्या बाजूची एक गोष्ट सांगतो. २०१७ साली मतदानाच्या दिवशी मी मुंबईत विधान भवनात कामावर होतो. त्या वर्षी निवडणूक आयोगाने प्रथमच जांभळ्या शाईचे विशेष पेन दिले होते आणि सदस्यांनी स्वतःचे पेन बाहेर ठेवायचे होते. आमदारांची मतपत्रिका गुलाबी असते, खासदारांची हिरवी. एका ज्येष्ठ सदस्यांनी खिशातले सोनेरी टोपणाचे पेन काढून ट्रेमध्ये ठेवले, आत जाऊन मत दिले, निघून गेले आणि वीस मिनिटांनी धापा टाकत परत आले. मत कोणाला दिले याची चिंता कोणी करत नव्हते, पेन मात्र कोणाच्या हाती लागू नये, ही चिंता होती.

सांगायचे ते हे, की या निवडणुकीत पक्षादेश काढता येत नाही आणि मतदान गुप्त असते. पसंती आकड्यात लिहायची असते. मराठी १ चालतो, परंतु ‘एक’ असे अक्षरात लिहिले, तर मत बाद होते. आणि बाद मते काही थोडी नसतात. २०१७ साली ७७ मते बाद झाली, त्यांत २१ खासदारांची होती. २०२२ साली ५३, त्यांत १५ खासदारांची. २०१२ साली तर मुलायमसिंह यादव यांनी आधी संगमांपुढे खूण केली, मग ती मतपत्रिका फाडून दुसरी घेतली, आणि आयोगाने त्यांचे मत अवैध ठरवले. कायदे करणारी मंडळी चुकतात की मुद्दाम चुकतात, हे गुलाबी कागदावर उमटत नाही.

सई_वाचते

आणि मतपेटी मुंबईहून दिल्लीला कशी जाते? रेल्वेने?

निवृत्त_लेखनिक

विमानाने, आणि माणसासारखे तिकीट काढून. २०२२ साली आयोगानेच सांगितले होते, की पेटीसाठी ‘मिस्टर बॅलट बॉक्स’ या नावाने पुढच्या रांगेतले आसन राखून ठेवले जाते. सोबतचा अधिकारी तिच्या शेजारी बसतो. आमच्या साहेबांना त्यांच्या सेवेत मिळालेले पुढच्या रांगेतले ते एकमेव आसन होते, आणि तेही पेटीच्या पुण्याईने.

मृण्मयी

विरोधकांच्या उमेदवाराबद्दल कोणीच बोललेले नाही, म्हणून थोडे. हरणार हे ठरलेले असताना कोणाला उभे करायचे, या प्रश्नावर विरोधी पक्षांचे एक ठरलेले उत्तर दिसते : न्यायाधीश. १९६७ साली सुब्बा राव सरन्यायाधीशपद सोडून झाकीर हुसेन यांच्या विरोधात उभे राहिले, १९८२ साली एच. आर. खन्ना, १९८७ साली कृष्ण अय्यर, आणि उपराष्ट्रपतिपदासाठी आता सुदर्शन रेड्डी. सगळे हरले, आणि त्यांतल्या प्रत्येकाला हरण्याआधीच ते ठाऊक असावे. २०२२ साली शरद पवार, फारुख अब्दुल्ला आणि गोपाळकृष्ण गांधी अशा तिघांनी एकामागून एक नकार दिल्यावर यशवंत सिन्हा यांच्यापर्यंत गाडी आली. २०२७ साठी माझा अंदाज निवृत्त न्यायमूर्तींचा किंवा ईशान्येतल्या एखाद्या नेत्याचा आहे. नाव विचाराल तर मी सांगणार नाही. निकष मागितला होता, तो दिला.

कोकणकडा

मृण्मयीताई, हे म्हणजे मुलगी पाहायला बोलावून फक्त कुंडली दाखवण्यासारखे झाले.

बेरीजवजाबाकी

एक तांत्रिक बाब राहिली होती. मतांचे मूल्य आजही १९७१ च्या जनगणनेवर ठरते. तेव्हा महाराष्ट्राची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख होती, म्हणून २८८ ने आणि मग हजाराने भागून १७५ येतात. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेची आकडेवारी प्रसिद्ध होईपर्यंत १९७१ चेच आकडे धरायचे, अशी घटनेत तरतूद आहे. नव्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ आहे. चार महिन्यांत सर्व आकडे प्रसिद्ध होणे अवघड दिसते, त्यामुळे २०२७ ची निवडणूक बहुधा जुन्याच मापाने होईल. परंतु त्यानंतरच्या निवडणुकीत उत्तर प्रदेश आणि बिहार यांचे वजन वाढेल, तमिळनाडू आणि केरळ यांचे घटेल. दक्षिणायन यांनी दक्षिणेतल्या उमेदवाराबद्दल जे म्हटले, त्याकडे मी या कोनातून पाहतो. मतदारसंघांच्या पुनर्रचनेवरून दक्षिणेत अस्वस्थता असताना राष्ट्रपती दक्षिणेतला असणे सत्ताधाऱ्यांना सोयीचे ठरू शकते. हे मी पहिल्या प्रतिसादात लिहिले नव्हते, कारण मला ते वरचे वाचताना सुचले.

वैनगंगा

मग मुर्मू यांनाच पुन्हा का नाही? अनुच्छेद ५७ नुसार तीच व्यक्ती पुन्हा निवडणूक लढवू शकते. त्यांचा जन्म १९५८ चा आहे. वयाची आडकाठी नाही.

मृण्मयी

कायद्याची आडकाठी नाही, रिवाजाची आहे. राजेंद्र प्रसाद १९५२ आणि १९५७ असे दोनदा निवडून आले, त्यानंतर कोणीही नाही. दुसऱ्यांदा तेच नाव दिले, तर दिल्लीत देव पाण्यात घालून बसलेल्या वीसेक मंडळींचे देव पाच वर्षे आणखी भिजतील, हा त्यातला व्यावहारिक भाग.

पाटीपेन्सिल

तारखांबद्दल एक निरीक्षण. विजयी उमेदवाराचे नाव २००७ साली १४ जूनला, २०१२ साली १५ जूनला, २०१७ साली १९ जूनला आणि २०२२ साली २१ जूनला जाहीर झाले. अधिसूचना मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांतच काढता येते, त्यामुळे फार आधी पत्ते उघडण्याचे कोणाला कारणच नसते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत जे नाव जोरात असते, ते विरोधकांना तयारीला वेळ देते. ताम्हण यांनी शाईने लिहायची तारीख थोडी पुढे ढकलावी.

ताम्हण

सूचना मान्य. उत्तर प्रदेशाचा निकाल लागेपर्यंत काहीच लिहायचे नाही आणि १ जूननंतर लिहायचे, असे ठरवतो. सध्या २०२७ च्या पानावर पेन्सिलीने चार ओळी केल्या आहेत. उपराष्ट्रपती राधाकृष्णन यांचे नाव दक्षिणायन आणि बेरीजवजाबाकी यांच्या भरवशावर. मुर्मू यांचे नाव वैनगंगा यांच्या. तिसऱ्या ओळीवर नाव नाही, ‘कोणता पहिला उरला?’ एवढेच लिहिले आहे. चौथ्या ओळीवर, विरोधी बाजूसाठी, ‘न्यायमूर्ती’.

सई_वाचते

काका, मुर्मू यांचे नाव २०१७ ला खोडले होते आणि ते २०२२ ला आले. मग २०२२ ला ज्यांची नावे खोडली, ती सांगा ना. पाचवी ओळ तिथूनच यायला हवी.

ताम्हण

सईताई, हे मला सुचायला हवे होते. काल रात्री ते पान काढून पाहिले. आरिफ मोहम्मद खान यांच्याखाली बारीक अक्षरात व्यंकय्या नायडू, थावरचंद गेहलोत आणि अनुसूया उइके अशी तीन नावे आहेत. उइके यांना आदिवासी महिला म्हणून मी मुर्मू यांच्याही आधी धरले होते. आता लगेच त्याच निकषावर नाव येणे कठीण, हे पाटीपेन्सिल सांगतीलच. गेहलोत यांच्या नावावरची रेघ खोडरबराने पुसून पाहिली. ती शाईची असल्यामुळे गेली नाही. तेवढ्या जागी कागद मात्र खरवडला गेला आहे, आणि आता गेहलोत यांचेही नाव नीट वाचता येत नाही.

भीमथडी

मग तेच नाव नक्की होणार.